डाव्या कुशीवर

“ही खुर्ची माझ्याआधी निवृत्त होणार,” शेजारच्या टेबलावरून पुटपुट ऐकू आली. “मागे टेकावं तर आडवी होते, पुढे वाकावं तर अंगावर येते. एवढी लगट आमच्या घरच्यांनीसुद्धा कधी केली नाही.”

वहिनी पडद्यावरची नजर न काढता हसल्या. गुरुजींची खुर्ची रोज तीनच्या सुमाराला बिघडायची, म्हणजे त्यांना चहा हवा असायचा. एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवून ते इथे आले होते. आधी पोरांच्या वह्या तपासल्या, आता जगाच्या तपासतो, फक्त लाल शाई मिळत नाही, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. वहिनींना ‘वहिनी’ म्हणायला सुरुवात त्यांनीच केली आणि मग सगळी कचेरीच म्हणायला लागली. त्या नेमक्या कुणाच्या वहिनी, हे विचारायचं राहूनच गेलं.

कचेरी म्हणजे चौथ्या मजल्यावरची एक लांबट खोली. खिडक्यांच्या काचांना निळा कागद चिकटवलेला, समोरच्या इमारतीतल्या लोकांना इकडच्या पडद्यांवरचं दिसू नये म्हणून. त्यामुळे भर दुपारीही सगळ्यांचे चेहरे आजारी दिसत. अठराच्या आतल्या मुलांपुढे इंटरनेटवर काय यावं आणि काय येऊ नये, याचा कायदा गेल्या वर्षी झाला होता. कुठल्याशा एका मुलाचं फार वाईट झालं, सगळे हळहळले, आणि हळहळ ओसरायच्या आत कायदा मंजूर झाला. कायद्याबरोबर शब्दांची एक लांबलचक यादी आली. यादीतला शब्द एखाद्या पानावर सापडला, की यंत्र ते पान उचलून रांगेत उभं करी. रांगेच्या तोंडाशी वहिनी. त्यांच्यापुढे तीन बटणं : उघडं, बंद, आणि झाकून उघडं. झाकून उघडं म्हणजे पान ठेवायचं, पण नको त्या शब्दांवर काळी पट्टी ओढायची. एका पानाला दहा मिनिटं. वहिनींनी ठरवायचं, मग गुरुजींनी दुसरी नजर टाकून शिक्कामोर्तब करायचं.

या कामाची वहिनींना लाज नव्हती. आधी त्या छापखान्यात मुद्रितं तपासत. डोळ्यांना बारीक बघायची सवय होती. पहिल्याच महिन्यात त्यांनी अशी काही पानं पाहिली, की दोन दिवस घास घशाखाली उतरला नाही. ती बंद करताना बोट एवढं जोरात पडे, की गुरुजी म्हणत, वहिनी, बटणाचा काय दोष. पण हल्ली तसलं फार येत नसे. तसली माणसं यादी तोंडपाठ करून बसलेली असतात. यायची ती वेगळीच पानं. बुडणाऱ्याला पाण्याबाहेर कसं काढावं, त्यात ‘मरण’ सापडलेलं. स्तनातली गाठ हाताने कशी तपासावी. एका वर्गाने मिळून काढलेलं माणसाच्या शरीराचं चित्र. ते बंद करताना गुरुजींचा चेहरा पडला होता. हेच चित्र मी फळ्यावर काढायचो हो, एवढंच ते म्हणाले होते. ते भूगोलाचे शिक्षक होते, याची वहिनींनी त्यांना आठवण करून दिली नाही.

तीन वाजून दहा मिनिटांनी नवं पान आलं. नाव होतं ‘डाव्या कुशीवर’. चालवणारी मुलगी, वय सोळा. सदस्य सव्वीस, सगळे अठराच्या आतले. यादीतले शब्द त्र्याहत्तर ठिकाणी. त्यातल्या बेचाळीस ठिकाणी ‘दारू’.

मुलं आणि दारू एका पानावर, म्हणजे फार विचार करायचा नसतो. वहिनींचं बोट ‘बंद’वर गेलंच होतं. पण छापखान्याची सवय. शेवटपर्यंत वाचल्याशिवाय हात उठत नसे. त्यांनी वाचायला घेतलं.

तिथे कुणी कुणाला दारू पाजत नव्हतं. ज्यांच्या घरी कुणीतरी पितं, अशी मुलं तिथे एकमेकांशी बोलत होती. नावं कुणाचीच खरी नव्हती. एक ‘खिडकी’, एक ‘मांजर’, एक ‘दोन नंबर’. मैत्रिणीला घरी बोलवायचं नसेल तर काय कारण सांगावं, हे खिडकीने विचारलं होतं आणि अकरा जणांनी अकरा कारणं दिली होती. एकाने लिहिलं होतं, घरात पाल आहे म्हण, कुणी येत नाही. वहिनींना हसू आलं. पुढे मांजरीचा प्रश्न होता. बाबा जमिनीवर पडलेत, उलटी झालीय, हाका मारल्या तर नुसते हुंकार देतात, आई कामावर आहे, काय करू. त्याखाली पान चालवणाऱ्या मुलीचं उत्तर. तिने स्वतःचं नाव ‘रात्रपाळी’ ठेवलं होतं.

उत्तर असं होतं. आधी डाव्या कुशीवर वळव, म्हणजे उलटी घशात जात नाही. वरचा गुडघा वाकवून पुढे घे. पाठीमागे चादरीची गुंडाळी लाव, पण नुसती लावू नकोस. गुंडाळीचं एक टोक त्यांच्याच अंगाखाली दाब, म्हणजे ती सरकत नाही आणि माणूस उताणा होत नाही. श्वास मोज. ओठ निळे दिसले, किंवा श्वास मध्येच थांबायला लागला, तर लाज धरायची नाही, लगेच रुग्णवाहिका बोलवायची. आणि गाडीची किल्ली आधीच पिठाच्या डब्यात टाकून ठेवायची. पिठात कुणी हात घालत नाही.

वहिनींचं बोट पडद्यावरच्या ‘गुंडाळी’ या शब्दावर थांबलं.

गुंडाळीचं टोक अंगाखाली दाबायचं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. सहा-सात वर्षांपूर्वी, गुंडाळी दोनदा सरकल्यावर, त्यांचं त्यांनाच सुचलं होतं. त्यांनी ते कुणालाही सांगितलं नव्हतं. सांगणार तरी काय आणि कुणाला. आणि गाडीची किल्ली या घडीला त्यांच्या घरी पिठाच्या डब्यात होती.

दार लोटून घेतल्यावर लेक झोपलेली असते, असं त्या इतकी वर्षं धरून चालल्या होत्या.

वहिनींच्या घरी ‘तो’ शब्द नव्हता. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात नवरा जिन्यात बसून राहिला, तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, त्याला पित्ताचा त्रास आहे. एकोणीस वर्षं ते पित्तच होतं. आज पित्त खवळलंय. आज पित्त जरा कमी आहे. शेजारणीने पित्तावर तीन औषधं सुचवली होती आणि तिन्ही मुकाट्याने आणून कपाटात ठेवली होती. नवरा पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नकाशे काढायचा. सकाळी हात थरथरे, म्हणून रेघा दुपारी ओढायचा. माणूस लाघवी, थट्टेखोर. कधी कुणावर हात उगारला नाही. तो फक्त पडायचा. आणि वहिनी झाकायच्या. त्याच्या कचेरीत फोन करून झाकायच्या, लग्नाकार्यात लवकर निघून झाकायच्या, फुटलेल्या आरशापुढे कॅलेंडर टांगून झाकायच्या. घर कसं चालतं म्हणून कुणी विचारलं असतं, तर खरं उत्तर एवढंच होतं.

घड्याळात सहा मिनिटं उरली होती.

बंद केलं तर सव्वीस मुलांची जागा गेली. उघडं ठेवलं तर त्र्याहत्तर शब्दांचं पान मोकळं कसं सोडलं, म्हणून पर्यवेक्षिका बाई विचारणार, आणि मग तोंड उघडावं लागणार. वहिनींनी तिसरं बटण दाबलं आणि पट्ट्या ओढायला लागल्या. दारू. बाटली. नशा. बेशुद्ध. उलटी. आठ महिन्यांत कुठल्या पानावर त्यांनी इतकं नेटकं काम केलं नव्हतं. एक पट्टी कमी नाही, एक जास्त नाही. घाम येत होता आणि तरी आत कुठेतरी बरंही वाटत होतं. पान वाचलं, कुणाला कळलं नाही, काही मोडलं नाही. नेहमीसारखंच.

गुरुजींनी दुसरी नजर टाकली. बंद नाही केलंत का, एवढंच विचारलं. वहिनी म्हणाल्या, मुलं एकमेकांना मदत करतायत हो. गुरुजी “हं” म्हणाले आणि त्यांनी शिक्का मारला. त्यांना चहा हवा होता.

तेव्हा पडद्यावर एक चौकोन उमटला. असा चौकोन वहिनींनी आजवर पाहिला नव्हता.

‘पालकास सूचना पाठवली. झाकलेले शब्द व ओळी, पालकाच्या माहितीसाठी, सोबत जोडल्या आहेत. झाकलेल्या स्वरूपात पान ठेवण्यास पालकाने आज सायंकाळी सातपर्यंत मान्यता न दिल्यास पान कायमचे पुसले जाईल.’

त्यांनी तो तीनदा वाचला. मग त्यांना मागच्या महिन्याचं परिपत्रक आठवलं. ते आलं त्या दिवशी घरी पित्त फार होतं, त्या उशिरा पोचल्या होत्या आणि घाईघाईत न वाचताच सही केली होती. त्यांनी, जन्मभर दुसऱ्याचं मुद्रित वाचत आलेल्या बाईने. बंद केलं असतं, तर घरी नुसती एक कोरडी ओळ गेली असती, पान नियमानुसार बंद, आणि नवऱ्याने ती जाहिरात समजून पुसली असती. पण झाकलं की काय झाकलं ते पालकाला निवडून दाखवायचं, असा नवा नियम होता. अठराच्या आतल्या मुलाचं खातं पालकाच्या फोनला बांधलेलं. आणि घरातले सगळे फोन नवऱ्याच्या नावावर.

उपाय एकच होता. कचेरीत त्याला ‘आपल्या माणसाची चिठ्ठी’ म्हणत. तपासणाऱ्याच्या नात्यातल्या कुणाचं पान रांगेत आलं, तर त्याने चिठ्ठी देऊन बाजूला व्हायचं. चिठ्ठी दिली की आधीचा निर्णय रद्द, पान होतं तसं, आणि पंधरा दिवसांनी दुसऱ्या गावची माणसं ते नव्याने बघणार. वहिनींनी कपाटातून कोरी चिठ्ठी काढली. नातं : मुलगी. पान आपल्या माणसाचं आहे हे कशावरून ओळखलंत? इथे दोन ओळींची जागा होती.

त्यांनी लिहिलं : आमच्या घरी पित्ताचा त्रास आहे.

पर्यवेक्षिका बाई काचेच्या खोलीत बसत. वयाने वहिनींच्या धाकट्या बहिणीएवढ्या, स्वभावाने वाईट नव्हत्या, पण कागदाच्या पुढे एक पाऊल टाकत नसत. त्यांनी चिठ्ठी वाचली, पुन्हा वाचली.

“वहिनी, पित्ताचा या पानाशी काय संबंध?”

वहिनींनी मान वळवली. काचेपलीकडे गुरुजी चहाचा कप धरून इकडेच बघत होते.

“हे असं मी पुढे पाठवलं, तर परत येईल,” बाई हळू आवाजात म्हणाल्या. “उद्या कुणीही उठेल आणि आवडत्या पानाला आपलं माणूस म्हणेल. खरं कारण हवं. लिहायचं नसेल तर सातच्या आत मला फोन करा, तोंडी सांगा. ते ध्वनिमुद्रित होतं, चालतं. सातनंतर माझ्या हातात काही नाही.”

वहिनींनी चिठ्ठीची घडी केली, पर्समध्ये टाकली, आणि डोकं दुखतंय असं सांगून पाच वाजता निघाल्या.

बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. फोनवर त्यांनी पान उघडलं. आपलंच काम, पण कचेरीच्या पडद्यावर ते नीटनेटकं दिसत होतं. इथे, हातभर अंतरावर, ते दुखवट्याच्या पत्रासारखं दिसत होतं. रात्रपाळीचं ते उत्तर त्यांनी शोधलं. आधी डाव्या कुशीवर वळव, म्हणजे काळी पट्टी घशात जात नाही. काय घशात जात नाही, ते आता कुणाला कळणार होतं?

खाली नवे निरोप येत होते. आपलं पान कुणी काळं केलं, खिडकीने विचारलं होतं. दोन नंबरने लिहिलं होतं, माझ्या मामाकडे असंच झालं, आधी काळं करतात, मग घरी पत्र जातं. त्याखाली, एकामागून एक, मुलं निघून चालली होती. सव्वीसची तेवीस, मग एकोणीस. कुणी निरोप घेत होतं, कुणी नुसतंच नाहीसं होत होतं. आणि सर्वांत शेवटी, चारच मिनिटांपूर्वी, मांजर. ती गुंडाळीची नोंद मध्येमध्ये काळी झालीय, नीट कळत नाही. मला ती आज लागेल असं वाटतंय. कुणी आहे का?

वहिनींनी स्वतः उत्तर द्यायला अंगठा नेला. पानावर लिहायला अठराच्या आतलं खातं लागत होतं. अंगठा तसाच परत आला. बस दोन थांबे पुढे गेली आणि त्या उतरायच्या ठिकाणाच्या पुढे जाऊन उतरल्या, मागे चालत आल्या, चालताना अर्ध्या पळत होत्या.

दार उघडंच होतं. सहा वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. नवरा टेबलाशी बसला होता, चष्मा लावून, पुढ्यात फोन. अंघोळ केलेली, शर्ट स्वच्छ. पित्त सात-साडेसातनंतर सुरू व्हायचं. सासूबाई मटार सोलत होत्या आणि दाणे ताटात पडण्याचा आवाज सोडला तर घरात आवाज नव्हता. आतल्या खोलीच्या दाराशी लेक उभी होती, ठमी. सोळा वर्षांची झाली तरी घरात ती ठमीच. तिच्या हातातही फोन होता आणि डोळे सुजलेले होते.

नवऱ्याने मान वर केली. नेहमीचा थट्टेचा सूर त्याने लावून पाहिला.

“सरकारचं पत्र आलंय आपल्याकडे. नको ते शब्द काळे केलेत, आणि खाली त्याच शब्दांची यादी दिलीय. म्हणजे वाचणाऱ्याची सोय.” त्याने चष्मा काढला, पुन्हा लावला. “कुणीतरी फार बारीक काम केलंय. त्र्याहत्तर जागा. मी मोजल्या.”

वहिनींनी पर्स खुर्चीवर ठेवली आणि सांगितलं की ते काम त्यांनीच केलंय.

दाणे पडायचे थांबले. ठमी आईकडे बघतच राहिली.  

“घरी झाकतेस ते पुरत नव्हतं?” ती म्हणाली.

मग सासूबाई बोलल्या. घरातल्या दुखण्याचं कुणी असं बाहेर लिहितं का, आणि तेही पोरीच्या जातीने, आणि कुणाकुणाला कळलं असेल आता. पित्त काय कुणाला नसतं. बोलता बोलता त्यांचा आवाज बारीक होत गेला, कारण कुणीच मान डोलावली नाही. एरवी या वाक्यावर घरातली सगळी माणसं काहीतरी कामाला लागत. आज कुणी हललं नाही.

नवऱ्याने फोन हातात घेतला. तो म्हणाला, त्यात काय, मान्य आहे म्हणून बटण दाबतो, पान राहील, विषय संपला. जेवायला बसू. त्याचा अंगठा बटणाच्या वरच थांबला होता.  आणि तो घड्याळाकडेही बघत होता. वहिनींना ती नजर ओळखीची होती. सात वाजत आले की त्याची नजर अशी घड्याळाकडे जायची, किल्ली शोधायची.

“नका दाबू,” ठमी म्हणाली. “झाकलेलं पान कुणाच्या कामाचं? तिकडे मांजर विचारतेय, मी तिला तीनदा सांगितलं, मी टाइप करतेय आणि शब्द आपोआप काळे होतायत. ती बारा वर्षांची आहे, बाबा. घरी एकटी आहे.”

नवऱ्याने फोन खाली ठेवला, उपडा.

वहिनींनी तेव्हा चिठ्ठीचं सांगितलं. कसलं कारण हवं आहे, तेही सांगितलं, म्हणजे सांगायला लागल्या आणि मधल्या एका शब्दाशी येऊन अडल्या. सगळ्यांना कळलं कुठला शब्द. सासूबाईंनी एक शेंग उचलली आणि न सोलता परत ठेवली. नवरा टेबलावरची एक रेघ नखाने कोरत बसला. लाकडात ती रेघ आधीपासून होती, त्यानेच कधीतरी कोरलेली.

“तुझ्या कचेरीत सगळ्यांना कळेल,” तो म्हणाला.

“हो.”

“माझ्याही.”

“कळेल बहुतेक.”

“मी सोडणार आहे,” तो म्हणाला. “तुला माहीत आहे, मी यंदा सोडणारच होतो.” काय सोडणार, हे त्याने या वेळीही म्हटलं नाही. असं तो पूर्वीही म्हणाला होता, आणि दर वेळी असंच अर्धवट, जणू एखादा क्लास सोडायचा होता. वहिनींना त्याची इतकी माया वाटली की त्यांना दोन पावलं मागे सरकावं लागलं. तशाच त्या स्वयंपाकघराच्या दाराशी गेल्या. फळीवर पिठाचा डबा होता. झाकणाच्या कडेला बोटाचे पांढरे ठसे होते. त्यांच्या बोटांपेक्षा बारीक.

म्हणजे ज्या दिवशी आपण विसरलो, त्या दिवशी हिने किल्ली टाकली. त्यांना वाटायचं, आपण कधी विसरलोच नाही.

सात वाजायला अकरा मिनिटं कमी होती. वहिनींनी नंबर लावला. घंटी वाजत राहिली आणि कुणी उचललं नाही. त्यांनी पुन्हा लावला. ठमी दाराची चौकट धरून उभी होती आणि दुसऱ्या हातातल्या फोनवर मांजरीचे निरोप येत होते. प्रत्येक निरोपाला तो फोन बारीक थरथरत होता. तिसऱ्यांदा लावल्यावर पर्यवेक्षिका बाईंनी उचललं. मागे रस्त्याचा आवाज होता, त्याही घरी निघाल्या असाव्यात.

बोलायला आतल्या खोलीत जाता आलं असतं. वहिनी गेल्या नाहीत. नवऱ्यासमोर, टेबलाच्या कडेला, उभ्याच राहिल्या आणि फोन मोठ्या आवाजावर करून टेबलावर ठेवला.

बाईंनी तारीख सांगितली, वेळ सांगितली, हे ध्वनिमुद्रित होतंय हे सांगितलं. मग विचारलं, पान कुणाचं.

“माझ्या मुलीचं.”

“कशावरून ओळखलंत?”

“त्यात गुंडाळीचं लिहिलंय. चादरीची गुंडाळी पाठीमागे लावायची आणि तिचं टोक अंगाखाली दाबायचं. ते मी करते. रोज. माझं मलाच सुचलेलं आहे, दुसऱ्या कुणाला ठाऊक असायचं कारण नाही. तिने ते माझ्याकडूनच पाहिलंय.”

पलीकडे रस्त्याचा आवाज कमी झाला, बाई बाजूला कुठेतरी थांबल्या असाव्यात.

“कुणाच्या पाठीमागे लावता, वहिनी? आणि कशासाठी? माफ करा, पण एवढ्यावर चिठ्ठी होत नाही. मला ते तुमच्या तोंडून हवं.”

सासूबाई ताटाकडे बघत होत्या. ठमी आईकडे बघत होती. नवऱ्याने रेघ कोरायची थांबवली होती आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच, सात वाजत आलेले असताना, तो घड्याळाकडे न बघता वहिनींकडे बघत होता. त्याने मान हलवली का, आणि हलवली असली तर हो म्हणून की नको म्हणून, हे त्यांना पुढे कधीही नक्की सांगता आलं नसतं.

वहिनींनी दोन्ही हात टेबलावर टेकवले.

“माझ्या नवऱ्याच्या,” त्या म्हणाल्या. “माझा नवरा दारू पितो.”